मजीद आला ते साल

ईस्ट बंगालचा पाठीराखा म्हणजे काय चीज असते, हे कोल्हापूरच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. पेठेपेठेतली खुन्नस, तालमीचा झेंडा, शाहू स्टेडियमवर आपली टीम हरली की रात्री ताटावर न बसणारी माणसं, हे सगळं मी शिवाजी पेठेत बघतच वाढलो. बँकेनं कलकत्त्याला बदली केली तेव्हा आईला काळजी जेवणाची आणि मला भाषेची. भाषेचं काम फुटबॉलनं केलं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनं विचारलं ते नाव-गाव नव्हतं, ‘कोणती टीम?’ हे होतं. मी म्हणालो, अजून ठरवलं नाही. त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, जणू मी लग्नाच्या पंगतीत येऊन उपास आहे म्हणालो.

सुरुवातीला हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात राहिलो, मग जादवपूरच्या पलीकडे बिजयगडला एक खोली मिळाली. टीम तिथंच ठरली. बिजयगड ही निर्वासितांनी वसवलेली वस्ती. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या माणसांनी जागा धरल्या, झोपड्या उभ्या केल्या, शाळा काढल्या, आणि मग हळूहळू विटा चढवल्या. माझे घरमालक ढाक्याजवळच्या बिक्रमपूरचे. मी त्यांना मेशोमशाय म्हणायचो, त्यांच्या बायकोला माशीमा. मेशोमशायच्या दिवाणखान्यात तीन तसबिरी होत्या: कालीमाता, रवींद्रनाथ, आणि लाल-पिवळ्या बनियनमधले पाच फुटबॉलपटू. तिसऱ्या तसबिरीची धूळ ते स्वतः पुसायचे. बाकीच्या दोन माशीमांकडे.

ते पाच म्हणजे व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. ईस्ट बंगालचे ‘पंचपांडव’. १९४९ पासून काही वर्षं या पाच जणांची आघाडीची फळी एकत्र खेळली, आणि १९४९ साली क्लबनं कलकत्ता लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप, तिन्ही एकाच मोसमात नेले. मेशोमशाय हे सांगायचे तेव्हा मी एकदा म्हणालो, ‘पण यातला बंगाली एकही नाही की.’ त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. क्लब आमचा, खेळणारा कुठलाही असू दे, असं त्यांचं साधं गणित होतं. ज्याचं गाव नकाशाच्या पलीकडे राहिलं त्याला खेळाडूचं गाव विचारण्यात काय रस असणार?

क्लबचा जन्मही असाच रुसव्यातला. १९२० च्या जुलैत जोडाबागान क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला बाहेर बसवलं. सुरेशचंद्र चौधुरी हे क्लबचे पदाधिकारी, तेही पूर्व बंगालचे. ते उठले आणि चार डोकी जमवून १ ऑगस्ट १९२० ला नवा क्लब काढला. पुढे सत्तावीस वर्षांनी देशच फाटला आणि त्या क्लबाला लाखोंनी पाठीराखे मिळाले, ज्यांच्याकडे पूर्व बंगाल या नावाचं दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिलसा, बंगालीत इलिश, महाग होतो आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, ही कलकत्त्याची जुनी रीत. मी बाजारात जाऊन ताडून पाहिलं नाही, पण माशीमा निकाल ऐकून पिशवी घ्यायच्या किंवा खुंटीला ठेवायच्या, एवढं खरं.

बाहेरचा खेळाडू आणून आपला करायचा, ही कलकत्त्याची रीत १९८० च्या, म्हणजे मजीद आला त्या सालाच्या, फार आधीची. १९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंगनं लीग जिंकली. लीग जिंकणारा तो पहिला हिंदी संघ, आणि मग सलग पाच वर्षं त्यांनी ती कुणाला दिली नाही. त्यांची माणसं देशभरातून गोळा केलेली होती. ईस्ट बंगालकडे फ्रेड पग्सली आला तो तर युद्धातून. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा १९४२ मध्ये जे हजारो लोक जंगलं तुडवत हिंदुस्थानात आले, त्यांतला हा अँग्लो-बर्मी. त्यानं १९४५ च्या रोव्हर्स कपात एका सामन्यात आठ गोल मारले, आणि समोर होता आपला मुंबईचा बीबीसीआय रेल्वेचा संघ. मेशोमशायना हा आकडा तोंडपाठ. मी महाराष्ट्रातला म्हणून तो आकडा ते मला जरा जास्तच वेळा ऐकवायचे.

मी कलकत्त्याला होतो तेव्हा मुंबईत फुटबॉल खेळणारा माणूस गिरणीच्या किंवा कंपनीच्या पटावर असायचा. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र. संघ बदलणं म्हणजे नोकरी बदलणं, आणि त्याचं सुतक किंवा सोयर फार तर ऑफिसच्या कँटीनपुरतं. कलकत्त्यात खेळाडूची नोकरी बँकेत, पोर्टात, रेल्वेत कुठंही असे. क्लब मात्र वेगळा, आणि क्लबावर मालकी गल्लीची. म्हणून तिथला ‘दलबदल’ हा मोसम होळीच्या आसपास सुरू व्हायचा तेव्हा शहराला ताप चढायचा. खेळाडूनं सूटरकिन स्ट्रीटवरच्या आयएफएच्या, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या, कचेरीत जाऊन नव्या क्लबासाठी सही करायची, एवढाच विधी. पण ती सही होईपर्यंत खेळाडू सांभाळायचा कुणी? त्याला सभासदाच्या घरी लपवायचं, गावाबाहेर हलवायचं, त्याच्याबरोबर चार दणकट पोरं ठेवायची. दुसऱ्या क्लबाची पोरं त्याला शोधत फिरायची. आज ज्यानं इकडे सही केली त्यानं चार दिवसांनी ती मागे घेतली, असंही व्हायचं. त्या गल्लीत सहीच्या दिवशी पोलिस, पत्रकार आणि बघे यांची अशी दाटी की बिचाऱ्या टपालवाल्याला वाट मिळू नये. आमच्या बँकेतली निम्मी मंडळी त्या दिवसांत जेवणाची सुट्टी तिथं काढायची. मीही गेलो होतो. पाठमोरा एक खेळाडू गाडीतून उतरून आत जाताना दिसला. कोण ते कळलं नाही, पण ओरडून आलो.

या सगळ्यात ऐंशी साल वेगळं का, ते आता.

सत्तर ते पंच्याहत्तर सलग सहा वर्षं लीग ईस्ट बंगालची. पंच्याहत्तरच्या शील्ड फायनलला मोहन बागानवर पाच गोल. त्या संघाला घडवणारे प्रदीपकुमार बॅनर्जी, सगळ्यांचे पीके, नंतर मोहन बागानकडे गेले आणि वारं फिरलं. सत्त्याहत्तरला पेलेची कॉसमॉस टीम ईडन गार्डन्सवर आली, ती मोहन बागानशी खेळायला. एकोणऐंशी साल ईस्ट बंगालला कोरडं गेलं. क्लबात कुरबुरी, पैशांचे वायदे, पदाधिकाऱ्यांशी खटके. आणि ऐंशीच्या दलबदलात धरणच फुटलं. सुरजित सेनगुप्त, तो उजव्या बगलेवरचा नजाकतीचा गडी, ज्याच्या पायात चेंडू आला की गॅलरी उभी राहायची, तो मोहमेडनला गेला. गोलकीपर भास्कर गांगुली गेला. एकामागून एक, बघता बघता अख्खी टीमच मोहमेडनच्या तंबूत जाऊन बसली.

बिजयगडमध्ये त्या दिवसांत सुतकी शांतता होती. ओट्यावरचा अड्डा भरायचा, पण आवाज नाही. वीज गेलेली असायचीच. त्या काळात कलकत्त्यात लोडशेडिंग हा रोजचा पाहुणा. कंदिलाच्या उजेडात ‘युगांतर’ नाहीतर ‘आनंदबाजार’ मोठ्यानं वाचला जायचा आणि कोण गेला त्याचं नाव आलं की वाचणारा थांबायचा. मेशोमशाय एकदा एवढंच म्हणाले, ‘दुसऱ्यांदा घर गेलं.’ त्यांच्या तोंडून बिक्रमपूरचं नाव मी सहसा ऐकत नसे, त्या दिवशी ऐकलं.

राहिले कोण? मनोरंजन भट्टाचार्य राहिला, पुढे ज्याच्या बचावावर क्लब दहा-बारा वर्षं उभा राहिला. हैदराबादचा मोहम्मद हबीब आला, वय उतरणीला लागलेलं, पण छातीत दम शाबूत. आणि पीके परत आले. पण रिकाम्या तंबूत प्रशिक्षक येऊन करणार काय, असं ऑफिसातले मोहन बागानवाले उघड विचारायचे.

मग एक दिवस बातमी आली की इराणची तीन पोरं येताहेत.

हसले सगळे. इराणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मुंबईचा ब्रून-मस्का आणि पुण्यातले विद्यार्थी. सत्तरच्या दशकात इराणमधून शिकायला आलेली पोरं पुण्यात भरपूर होती. तशीच ती अलीगढलाही होती. हे तिघं, मजीद बिश्कर, जमशीद नासिरी आणि महमूद खबाजी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकत होते आणि विद्यापीठाच्या टीमकडून खेळत होते. त्यांतला मजीद दोन वर्षांपूर्वी अर्जेंटिनातल्या वर्ल्ड कपला इराणच्या चमूत होता. इराणचा तो पहिलाच वर्ल्ड कप. हॉलंड, पेरू, स्कॉटलंड अशा गटात पडले आणि स्कॉटलंडला त्यांनी बरोबरीत रोखलं. एकोणऐंशीला तिथं क्रांती झाली, शहा गेला. आणि त्या वर्ल्ड कपच्या चमूतला एक माणूस उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात राहून आंतरविद्यापीठ सामने खेळत होता. ही गोष्ट आज खोटी वाटते. तेव्हाही वाटली.

त्यांना कुणी हेरलं, कुणी गाडीत बसवलं, याबद्दल ईस्ट बंगालच्या दहा पाठीराख्यांना विचारा, अकरा गोष्टी ऐकाल. आमच्या वस्तीतला लाँड्रीवाला सांगायचा की अलीगढला शिकणाऱ्या त्याच्या भाच्यानं पहिलं पत्र पाठवलं. हेडक्लार्कचं म्हणणं, मोहमेडनवालेही तिकडे निघाले होते, आमची माणसं एक गाडी आधी पोचली. मेशोमशायच्या मते हे सगळं कालीमातेनं केलं. यातली कुठलीच गोष्ट मी कुणाला खोडून काढली नाही. जिथं पैसेवाला क्लब मोठा खेळाडू ठरवून विकत घेतो तिथं पाठीराख्याला सांगण्यासारखं काही उरत नाही, कागद बोलतो. इथं कागद नव्हता, पैसा नव्हता, आशा तर नव्हतीच. म्हणून प्रत्येकानं त्या आगमनात स्वतःपुरती एक भूमिका घेऊन टाकली.

मजीदला मी पहिल्यांदा पाहिलं ते फेडरेशन कपात. बारा नंबरचा बनियन, लांब केस, दाढी. पहिली पाच-दहा मिनिटं तो पळालाच नाही. गॅलरीत माझ्या शेजारी एक म्हातारा शेंगदाणे सोलत बसला होता, तो पुटपुटला, ‘आजारी आहे की काय.’ मग त्याच्याकडे चेंडू आला. आपल्याकडच्या खेळाडूंना चेंडू आला की आधी खाली बघायची सवय. हा खाली बघतच नव्हता. मान वर, एक पाय चेंडूवर, दोन जण अंगावर येताहेत, आणि हा कुणाची तरी वाट बघतोय. जमशीद पुढं धावला तेव्हा चेंडू त्याच्या पावलाशी जाऊन थांबला. मारलेला वाटलाच नाही. म्हाताऱ्याच्या हातातले दाणे तसेच राहिले. मला वाटतं मजीदचा सगळा खेळ त्या थांबण्यात होता. आक्रमण करणाऱ्या दोघांच्या मागे तो उभा असायचा आणि सामना त्याच्याभोवती फिरायचा. अनुभवी हबीब पुढंमागं धावून त्याच्यासाठी जागा मोकळी करायचा. फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानशी बरोबरी झाली आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. कोण जिंकलं याच्याशी बिजयगडला देणंघेणं नव्हतं. आपण संपलो नाही, एवढं पुरे होतं. त्या रात्री माशीमांनी पिशवी उचलली.

मग सोळा ऑगस्ट आला. त्याबद्दल फार लिहवत नाही. लीगचा सामना, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, ईडन गार्डन्स. सॉल्ट लेकचं स्टेडियम अजून व्हायचं होतं, म्हणून मोठे सामने क्रिकेटच्या मैदानावर. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, पंचांनी दोघांना बाहेर काढलं, आणि वरच्या गॅलरीत मारामारी पेटली. माणसं पळाली, जिन्यावर एकमेकांखाली सापडली. सोळा जण मेले. मी त्या दिवशी घरीच होतो, ताप होता. वस्तीतली गेलेली पोरं रात्री उशिरा एकेक करून परतत होती आणि प्रत्येक दारात बाई उभी होती. त्या वर्षीची लीग पुरी झालीच नाही. आयएफए दर वर्षी त्या तारखेला रक्तदान शिबिर घेते. कलकत्त्याच्या फुटबॉलप्रेमावर गहिवरून लिहिणाऱ्यांनी हा दिवस गाळू नये. आमच्या पेठांतही बाटल्या-दगड फिरलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे हक्कानं म्हणतो.

सप्टेंबरात इराण-इराक युद्ध सुरू झालं. मजीदचं गाव खोर्रमशहर, अगदी सीमेवरचं बंदर. सुरुवातीपासूनच तिथं मारा. ऑक्टोबरच्या अखेरीस शहर इराकच्या हाती गेलं आणि १९८२ च्या मेपर्यंत परत मिळालं नाही. मिळालं तेव्हा तिथं ढिगारे होते. वस्तीत ही बातमी पोचली तेव्हा मजीदकडे बघण्याची नजर बदलली. तोवर तो आपल्याला लागलेली लॉटरी होता. आता तो बिक्रमपूर, बारिसाल, मैमनसिंग सोडून आलेल्यांच्या रांगेत बसला. मेशोमशायनी त्याला कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण त्या दिवसानंतर ते त्याला ‘आमादेर छेले’ म्हणजे ‘आमचं पोर’ म्हणू लागले. पाठीराख्यांनी त्याला बादशहा केलं ते खेळामुळे, आणि विसरले नाहीत ते, माझ्या मते, या दोन गोष्टींमुळे: तो रिकाम्या घरात आला, आणि तो आला तेव्हा त्याचंही घर जात होतं.

त्या वर्षीचा रोव्हर्स कप मुंबईत, कूपरेजवर. अंतिम सामना कुणाकुणात? ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग. म्हणजे जे सोडून गेले ते, आणि जे त्यांच्या जागी आले ते. कलकत्त्याचं भांडण कुलाब्याच्या तोंडाशी येऊन मिटवायचं होतं. माझा मावसभाऊ गिरगावात राहायचा, त्याला मी पत्र लिहून बजावलं की काहीही कर पण जा. तो क्रिकेटचा माणूस. त्याचं उत्तर आलं ते माझ्याकडे पुष्कळ दिवस होतं. त्यानं लिहिलं होतं की मदनपुरा-नागपाड्याकडची मंडळी मोहमेडनच्या बाजूनं बसली होती, दादर-सायनकडचे बंगाली दुसऱ्या बाजूला, आणि मधे आम्ही गिरगावकर, कुणाच्या बाजूनं ओरडावं ते न कळणारे. ‘तुझा तो बारा नंबर,’ त्यानं लिहिलं, ‘गावसकरसारखा आहे, घाईच नाही त्याला.’ कपाचा निकाल पुन्हा तोच, संयुक्त विजेते. भांडण मिटलं नाही, अर्धं अर्धं वाटून घेतलं गेलं.

हिशेबाला बसलं तर मजीदच्या ईस्ट बंगालमधल्या दोन वर्षांत एवढंच येतं. फेडरेशन कप अर्धा, रोव्हर्स अर्धा, आणखी एक-दोन चषक. लीग एकदाही नाही. ऐंशीची अपुरी राहिली, एक्याऐंशीची मोहमेडननं नेली. आणि ब्याऐंशीला मजीद स्वतः मोहमेडनला गेला. ज्या दारानं सुरजित आणि भास्कर गेले त्याच दारानं. त्यांच्यासाठी बिजयगडनं शिव्या राखून ठेवल्या होत्या. मजीदच्या वेळी कुणी शिवी दिली नाही. ‘गेला बिचारा,’ म्हणाले. तोवर त्याचा खेळही उतरत चालला होता. शहर त्याला रात्रीचं घेऊन जायचं आणि सकाळी सरावाला सोडायचं नाही. दारू, नशा, वाईट संगत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचविशीतलं पोर, परका मुलूख, मायदेशात युद्ध, आणि प्रत्येक रस्त्यावर पाया पडणारी माणसं. त्याला सांभाळायला ज्या चार दणकट पोरांची गरज होती ती दलबदलाच्या मोसमातच मिळायची. सही झाली की संपलं. क्लबांनी खेळाडू पळवण्यात जी अक्कल लावली, त्यातली थोडी तो टिकवण्यात लावली असती तर भारतीय फुटबॉलचा बराच इतिहास बदलला असता, हे मी तेव्हा हेडक्लार्कला म्हणालो होतो. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मग माझी बदली झाली, आणि मजीदही नाहीसा झाला. इराणला परत गेला म्हणायचे. मेला म्हणायचे. कुणाला मुंबईत दिसला होता, कुणाला दिल्लीत. परदेशी खेळाडू मग पुष्कळ आले. नायजेरियाचा चिमा ओकोरी पंच्याऐंशीला मोहमेडनकडे, मग ईस्ट बंगालकडे, आणि १९९१ ला थेट मोहन बागानकडे. परदेशी न घेण्याची मोहन बागानची शंभरीजवळची प्रथा त्यानं मोडली. गोलांच्या हिशेबात चिमा मजीदच्या कितीतरी पुढे. जमशीदही पुढे, भारतात शंभर गोल करणारा तो पहिला परदेशी मानला जातो. आता तर आमच्या कोल्हापुरातही तालमींच्या संघांतून नायजेरियन खेळाडू खेळतात आणि पेठेतल्या म्हाताऱ्या बायका त्यांना नावानं हाका मारतात. म्हणून मजीद सगळ्यांत मोठा परदेशी खेळाडू होता, असं जेव्हा ईस्ट बंगालवाले म्हणतात तेव्हा ते मला पटत नाही. सगळ्यांत देखणा होता, हे पटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लबाला नव्याण्णव वर्षं पूर्ण होऊन शंभरावं लागलं तेव्हा तो आला. जिवंत होता. मी पुण्यात मुलीकडे बसून मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला. दमदम विमानतळ, मध्यरात्र उलटून गेलेली, आणि बाहेर शेकडो पोरं, झेंडे, मशाली, घोषणा. मशाल हे क्लबाचं चिन्ह. त्या पोरांतले बहुतेक इतके तरुण होते की मजीद खेळला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसणार. त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, त्याच्या खेळाची धड फिल्मही उपलब्ध नाही. त्यांच्यापाशी होतं ते त्यांच्या बापांनी, काकांनी, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं. टक्कल पडलेला, साठी ओलांडलेला एक थकलेला माणूस दारातून बाहेर आला आणि क्षणभर त्याला कळेना की हे कुणासाठी आहे.

मेशोमशाय हे बघायला नव्हते. ते नव्वदच्या दशकात गेले. तिसरी तसबीर कुणी घेतली ते मी विचारलं नाही.

जमशीद कलकत्त्यातच राहिला, तिथलाच झाला. त्याचा मुलगा कियान नासिरी फुटबॉल खेळतो. २९ जानेवारी २०२२ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, करोनाच्या नियमांमुळे प्रेक्षकांविना सामना झाला. एटीके मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. कियान बदली म्हणून उतरला आणि त्यानं तीन गोल मारले. मोहन बागानकडून. ईस्ट बंगाल तीन-एक हरलं. हेडक्लार्कांचा मुलगा आता माझ्याशी व्हॉट्सॲपवर बोलतो. त्यानं त्या रात्री एकच ओळ पाठवली, पण ती छापण्यासारखी नाही.

दलबदलाचा तो मोसम आता संपला. करार आले, एजंट आले, खिडकी उघडते आणि बंद होते, आणि सूटरकिन स्ट्रीटवर टपालवाला सुखानं जातो. खेळाडूंचं यात भलंच झालं. निदान पगार बुडाला तर दाद मागता येते. रोव्हर्स कपही संपला. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा २००१ च्या सुमारास बंद पडली, आणि कूपरेजवर ती खेळली जायची हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे. कलकत्त्याकडे निदान सांगणारी माणसं आहेत. ती वाढवून सांगतात, कालीमातेलाही मधे आणतात, पण सांगतात. आपल्याकडे ऐंशीचा तो अंतिम सामना पाहिलेली माणसं मुंबईत अजून असतील. गिरगावात, परळला, मदनपुऱ्यात, माहीमला. सत्तरीच्या घरात असतील किंवा पुढे. माझा मावसभाऊ गेल्या वर्षी गेला आणि ते पत्र घर बदलताना कुठं गेलं ते सापडत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी कूपरेजवर असाल, तर वहीत, फोनवर, नातवाच्या हातून, जमेल तसं लिहून काढा: कुठं बसला होता, शेजारी कोण होतं, आणि बारा नंबरला चेंडू मिळाल्यावर त्यानं काय केलं.